वाचकांचे प्रश्न : स्त्रीवाद एक की अनेक?

मागील अंकात स्त्रीवादातील विविध प्रवाहांची तोंडओळख करून देणारे टिपण आम्ही छापले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या सोसायटीतल्या काही जणी महिन्यातून एकदा वाचनासाठी जमतो. आपल्या टिपणात उदारमतवादी, मार्क्सवादी, जहाल, समाजवादी, दलित असे प्रवाह आले होते. ‘सगळ्यांना शेवटी बायकांचे भलेच हवे आहे ना, मग इतके तट कशाला?’ असे एका मैत्रिणीने विचारले आणि आम्हा कोणालाच धड उत्तर देता आले नाही. समाज, राजकारण आणि अर्थव्यवस्था यांकडे पाहण्यात यांच्यात नेमका फरक कोणता? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : स्त्रीच्या दुय्यमत्वाचे मूळ कोठे आहे आणि ते काढून टाकण्याची मागणी कोणाकडे करायची, हे दोन प्रश्न प्रत्येक प्रवाहाला विचारले की फरक लगेच दिसू लागतो. त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. सकाळी सातच्या सुमारास ऐरोलीतल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकावर दिघा, रबाळे या बाजूने आलेल्या बायका ओळखपत्र दाखवून आत शिरतात आणि धुणीभांडी, स्वयंपाक, लादीपुसणी अशी तीन-चार घरांची कामे करतात. त्या येतात म्हणून बाराव्या मजल्यावरच्या बाईंना वेळेवर कंपनीची बस मिळते. दोघी कमावत्या आहेत आणि संध्याकाळी घरी गेल्यावर दोघींनाही स्वयंपाकघर चुकत नाही.

उदारमतवादी स्त्रीवाद या दोघींकडे समान हक्क असलेल्या दोन नागरिक म्हणून पाहतो. मेरी वुलस्टनक्राफ्ट यांनी १७९२ मध्ये आणि जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६९ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा की, स्त्रीची बुद्धी उणी नाही, तिच्यासाठी दारे बंद केलेली आहेत, आणि ती कायद्याने व शिक्षणाने उघडता येतात. या दृष्टीने राज्यसंस्था मुळात सुधारता येण्याजोगी आहे आणि बाजारव्यवस्थाही मुळात अन्यायकारक नाही. तिच्यातला भेदभाव तेवढा अन्यायकारक आहे. १९७६ चा समान वेतनाचा कायदा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झालेली बाळंतपणाची रजा ही सर्व या विचाराची फळे आहेत. या प्रवाहाला ‘कागदी समतेवाले’ म्हणून हिणवण्याची एक पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. ज्यांच्या वाट्याला कायदा आलेलाच नाही, त्यांना त्याची किंमत विचारावी. बाराव्या मजल्यावरच्या बाईंच्या कंपनीत अंतर्गत तक्रार समिती आहे आणि त्यांना बाळंतपणाची भरपगारी रजा आहे. घरकाम करणारी बाई २०१३ च्या कायद्याच्या कक्षेत येते, पण तिने जिल्हा पातळीवरच्या समितीकडे जायचे असते, आणि अशी समिती असते हे तिच्या मालकिणीलाही बहुधा ठाऊक नसते. बाळंतपणाची रजा तर तिच्या बाबतीत बुडालेला रोज एवढीच असते.

मार्क्सवादी स्त्रीवाद येथेच बोट ठेवतो. मार्क्स यांचे सहकारी फ्रेडरिक एंगल्स यांनी १८८४ मध्ये खासगी मालमत्ता, वारसा आणि एकपतित्वाचे कुटुंब यांची सांगड घालून दाखवली. मालमत्ता आपल्याच रक्ताच्या वारसाकडे जावी म्हणून स्त्रीवर पहारा बसला, असे त्यांचे म्हणणे होते. या दृष्टीने राज्यसंस्था मालकवर्गाकडे झुकलेली असते, म्हणून नुसत्या कायद्यापेक्षा संघटना, किमान वेतन आणि पाळणाघरे यांवर भर राहतो. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्याच्या मागे अशा संघटनांचीच धडपड होती. मात्र भांडवलशाही गेली की स्त्रीचा प्रश्न आपोआप सुटेल, ही अपेक्षा खरी ठरली नाही. सोव्हिएत रशियात बायका कारखान्यात गेल्या, पण कारखान्यातून सुटल्यावर रांगेत उभ्या राहून घरी चूल त्यांनीच पेटवली. म्हणून १९७० नंतरच्या समाजवादी स्त्रीवाद्यांनी भांडवलशाही आणि पुरुषसत्ता या दोन्ही व्यवस्था एकमेकींना धरून आहेत आणि दोन्हींशी लढावे लागेल, अशी मांडणी केली.

जहाल स्त्रीवादाने राजकारणाची जागाच बदलली. सत्ता मंत्रालयात असते तशी शयनगृहातही असते; मारहाण, बलात्कार, मूल कधी व्हावे याचा निर्णय हे खासगी प्रश्न नव्हेत, ते राजकीय प्रश्न आहेत, हे या प्रवाहाचे म्हणणे. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस कोठडीत झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडल्यावर १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदाही याच जाणिवेतून आला. बाराव्या मजल्यावर आणि दिघ्याच्या चाळीत मार सारखाच बसू शकतो, हे केवळ वर्गाच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला दिसत नाही.

आता जात, म्हणजे दलित स्त्रीवादाचा मुद्दा. तुमच्या इमारतीत कामवाल्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट आहे का, संडास धुणारी बाई आणि पोळ्या करणारी बाई एकच आहे की वेगवेगळ्या, आणि चहाचा कप कोठे ठेवला जातो, याची एकदा नोंद घेऊन पाहा. वर्ग आणि लिंग एवढ्यावरून या तीन गोष्टींचा उलगडा होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात दाखवून दिले की जात टिकते ती जातीतल्या जातीत विवाहावर, आणि असा विवाह टिकवायचा तर स्त्रीवर नियंत्रण ठेवावे लागते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या नियंत्रणाचीच रूपे होत. स्त्रीचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत, हे भारतीय स्त्रीवादाने खरे तर येथूनच शिकायला हवे होते. तसे झाले नाही. १९७५ नंतरच्या चळवळीत स्त्री म्हटले की बहुधा सवर्ण, शहरी स्त्री डोळ्यांसमोर राहिली, आणि १९९० च्या दशकात दलित स्त्रियांनी स्वतःच्या संघटना उभारून ते जाहीरपणे सांगितले. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये हा वाद अभ्यासाच्या पातळीवर नेला. रेगे यांचे म्हणणे असे की दलित स्त्रियांच्या भूमिकेतून पाहण्याची जबाबदारी सवर्ण स्त्रीवाद्यांचीही आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संदर्भात किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये अशीच मांडणी केली, पण आपल्याकडे हा विचार त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

तुमच्या मैत्रिणीला इतके सांगता येईल : सगळ्यांना भले हवे आहे हे खरे, पण उद्या घरकामगारांसाठी कायद्याचा मसुदा लिहायला या पाच जणींना बसवले, तर पाच वेगळे मसुदे तयार होतील.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी आहे. घटनेने समता दिली, नोकऱ्या दिल्या, वारसाहक्क दिला. आता घरकामाचेही पैसे मागणे हा आईच्या मायेचा अपमान नाही का? आणि ‘लाडकी बहीण’ योजनेने तीही मागणी पुरी केलीच ना? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण हिशेबातले जाणकार आहात म्हणून आधी आकडे देते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार स्वतःच्या घरातली बिनपगारी कामे ८१.२ टक्के स्त्रिया करतात आणि २६.१ टक्के पुरुष. जे करतात त्यांच्यातही स्त्रीची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे भरते आणि पुरुषाची ९७. ही पाच तास माया आहे हे कोणीच नाकारत नाही. ते श्रमही आहेत आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या खात्यात ते कोठेही जमा होत नाहीत, इतकेच म्हणणे आहे. आपले न्यायालय या श्रमाची किंमत ठरवते ते प्रामुख्याने गृहिणी अपघातात दगावल्यावर, भरपाई काढताना. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न धरण्याचे तत्त्व पुन्हा ठळक केले. जिवंतपणी शून्य आणि मेल्यावर रक्कम, हा हिशेब बँकेत चालला नसता.

घरकामाला वेतन ही मागणी १९७२ मध्ये इटलीतून पुढे आली. मारियारोझा डल्ला कोस्टा आणि सेल्मा जेम्स यांचे म्हणणे होते की कामगार दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याजोगा राहतो तो घरातल्या स्त्रीच्या श्रमामुळे, म्हणजे कारखानदार तिचेही श्रम वापरतो आणि मोबदला देत नाही. याला विरोध आपल्यासारख्यांनीच केला असे समजू नका. अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत अँजेला डेव्हिस यांनी १९८१ मध्ये लिहिले की कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या घरी पगारावर घरकाम करत आल्या आहेत, त्याने त्या मुक्त झाल्या नाहीत. घरकाम सार्वजनिक व्यवस्थेकडे जायला हवे, स्त्रीला पगारी करून घरातच बांधायला नको. मला डेव्हिस यांचे म्हणणे अधिक पटते. सोसायटीत चांगले पाळणाघर आणि ऑफिसात चांगली कँटीन असणे हे मला महिना ठरावीक रकमेपेक्षा मोलाचे वाटते.

‘लाडकी बहीण’ योजनेविषयी : २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या स्त्रियांना महिना १५०० रुपये ठरले. पैसा थेट बाईच्या खात्यात येतो, ही गोष्ट मी लहान मानत नाही. पण पात्रता ठरते उत्पन्नावरून, कामावरून नव्हे; म्हणून ते अर्थसाहाय्य आहे, वेतन नाही. वेतन असते तर सरकारला ते हक्क म्हणून द्यावे लागले असते, भाऊ म्हणून नव्हे.

प्रश्न : २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली तेव्हा आमच्या पनवेल परिसरात घराघरांत समाधान होते. स्त्री संघटना मात्र एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या. स्त्रियांच्या शोषणाचा अड्डा बंद होत असताना स्त्रीवादी बंदीच्या विरोधात कशा? – एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : माझ्या मते महाराष्ट्रातल्या स्त्रीवादाच्या प्रवाहांतील अंतर जितके स्पष्ट या वादात दिसले तितके इतरत्र क्वचितच दिसले.

तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन परमिट रूम आणि बिअर बारमधील नृत्यावर बंदी आली, पण तीन तारांकित व त्यावरची हॉटेले, क्लब आणि जिमखाने यांना सूट मिळाली. उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्यानंतरही राज्याने नवा कायदा केला आणि त्यातल्या अनेक अटी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये रद्द वा शिथिल केल्या.

बंदीला विरोध करणाऱ्या संघटनांचा पहिला मुद्दा उपजीविकेचा होता : या मुलींवर घरे चालतात, पर्यायी काम न देता नाच बंद केला तर त्या याहून असुरक्षित धंद्यात ढकलल्या जातील. दुसरा मुद्दा असा की तोच नाच पंचतारांकित हॉटेलात संस्कृती ठरतो आणि महामार्गावरच्या बारमध्ये अश्लील, तेव्हा कायदा नीतीपेक्षा ग्राहकाच्या खिशाकडे पाहतो. उच्च न्यायालयालाही हा भेद मान्य झाला नाही. या बाजूला उदारमतवादी होते तसे श्रमाच्या हक्कावर बोलणारे समाजवादीही होते.

बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांत निव्वळ सोवळे लोक होते असे समजणे अन्यायाचे होईल. दलित-बहुजन स्त्रियांच्या काही संघटनांचा प्रश्न असा होता की बारमध्ये नाचणाऱ्या मुलींत परंपरेने नाचगाणे लादल्या गेलेल्या जातींतल्या मुली इतक्या मोठ्या प्रमाणात का दिसतात. ज्या कामात जन्मानेच ढकलले गेले, त्याला व्यवसायस्वातंत्र्य म्हणायचे कसे? त्यांच्यामागे एक इतिहासही होता. १९३६ मध्ये मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातील स्त्रियांना तो धंदा सोडण्याचे आवाहन केले होते, आणि सोडल्यावर हाल होतील हे त्यांनी लपवले नव्हते. पाश्चात्त्य देशांतील जहाल स्त्रीवाद्यांचा अश्लील साहित्याविरुद्धचा लढा वरवर असाच दिसतो, पण तेथे मुद्दा पुरुषी हिंसेचा होता. येथे तो जातीचा होता.

माझे मत विचाराल, तर बंदी चुकीची होती, कारण पर्यायी रोजगाराची सोय न करता ती लादली गेली आणि तिचा भार दुबळ्यांवर पडला. परंतु बंदीविरोधी संघटनांनी जातीच्या प्रश्नाला दिलेले उत्तर तोकडे होते. ‘तिची निवड’ एवढे म्हणून तो प्रश्न संपत नाही.

प्रश्न : माझे काका म्हणतात की हे सगळे पाश्चात्त्य खूळ आहे. त्यांना काय सांगू? – एक विद्यार्थिनी, खारघर

उत्तर : काकांना तारखा सांगा. ज्या वर्षी अमेरिकेत सेनेका फॉल्स येथे स्त्रीहक्कांची पहिली परिषद भरली, त्याच १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना शिकवत होते. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये पुरुषांच्या दुटप्पीपणावर असा कोरडा ओढला की आजही वाचताना धार जाणवते. काकांचा आक्षेप इतक्यावर थांबेल असे नाही, पण विषय निदान महाराष्ट्रात येईल.

प्रश्न : आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव होता. निवडून बाई आल्या, पण त्यांच्या कार्यालयात सह्यांखेरीज सगळे काम यजमानच पाहतात. मग राखीव जागांचा उपयोग काय? – एक वाचक, कळवा

उत्तर : आपली तक्रार खरी आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी संस्थांत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. उदारमतवादी म्हणतात, आधी सभागृहात बसू द्या, सवय होईल. मार्क्सवादी विचारतात, तिकीट कोणी दिले आणि प्रचाराचा खर्च कोणी केला? जहाल स्त्रीवादी म्हणतील, घरात जो निर्णय घेतो तोच प्रभागात घेणार. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, तरी पुरावा राखीव जागांच्या बाजूने आहे. पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींचा राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव होते तेथे पिण्याच्या पाण्याच्या सोयी अधिक झाल्या. आपल्याकडची खरी अडचण सोडतीची आहे. बाईला काम कळू लागते तोवर पुढच्या सोडतीत प्रभागाचे आरक्षण बदलते आणि पक्ष तिला खुल्या जागेवर उभे करत नाही.

प्रश्न : आमची भातशेती शहरासाठी संपादित झाली. पुढे साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, तो भावांच्या नावावर झाला. आम्हा बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, कारण माहेर तुटायला नको होते. आज तेथे इमारत उभी आहे. स्त्रीवादाकडे यावर काही म्हणणे आहे का? – एक वाचक, घणसोली

उत्तर : पुष्कळ आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाल्यावर ठाणे, पनवेल आणि उरण या पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातल्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, त्या लढ्याचे फळ म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना. त्या लढ्यात बायका मागे नव्हत्या. पण भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते, आणि तेथे नाव बहुधा बापाचे वा भावाचे. भातलावणी बाईने केली, खाडीत उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवे तिने काढली आणि बाजारात बसून विकली; खाडीला सातबारा नसतो, म्हणून खाडी बुजली तेव्हा तिची मिळकत कोणत्याही नोंदीविना गेली. स्त्री निसर्गाच्या जवळ असते असे पर्यावरणवादी स्त्रीवादातला एक गट म्हणतो. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी त्याला दिलेले उत्तर येथे तंतोतंत लागू पडते : ही जवळीक स्वभावातून येत नाही, ती कामाच्या वाटणीतून आणि मालकी कोणाकडे आहे यातून येते.

भावाचा आधार हा अडीनडीला उपयोगी पडणारा विमा असतो आणि जमिनीवरचा सोडलेला हक्क हा त्याचा हप्ता, हेही अगरवाल यांच्या १९९४ च्या ग्रंथातून स्पष्ट होते. म्हणून बहिणी भोळेपणाने सही करतात असे मी म्हणणार नाही. प्रदीप पांडा आणि अगरवाल यांनी केरळमध्ये केलेल्या पाहणीत मात्र घर किंवा जमीन स्वतःच्या नावावर असलेल्या स्त्रियांना नवऱ्याकडून होणारी मारहाण कितीतरी कमी आढळली. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवून नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली, तीही मालकीचे हे मोल ओळखूनच.

कायद्याबद्दल थोडे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनिता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटण्यांना मात्र ही दुरुस्ती धक्का लावत नाही. स्थावर मालमत्तेवरचा हक्क सोडणारे पत्र नोंदणीकृत असावे लागते, म्हणून आधी दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. त्यात कोणत्या गटाच्या जमिनीचा उल्लेख आहे, भूखंडाचा आहे की नाही आणि सहीची तारीख कोणती, हे पाहून घ्या. वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली तेव्हा तुम्हा बहिणींची नावे लागली होती का, ते फेरफार उताऱ्यावरून कळेल. हे कागद घेऊन वकिलाकडे जा. कोर्टाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.